ओकवनातील पंचनामा

संशय हा दुर्गुण आहे असे आपल्याला बालपणापासून शिकविले जाते, आणि ते शिकविणारी वडीलधारी मंडळीच सकाळी दूधवाल्याच्या मापात बोट बुडवून पाण्याचा अदमास घेत असतात, या विसंगतीकडे आपल्या समाजशास्त्रज्ञांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. भाजीवालीने "ताजी आहे" म्हणताच जुडी उलटी करून देठ तपासणे, डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधाविषयी औषधविक्रेत्याची स्वतंत्र जबानी घेणे, आणि आगगाडी वेळेवर सुटली तर आपण चुकीच्या गाडीत बसलो नाही ना याची शेजारच्या उतारूकडून खातरजमा करून घेणे, ही ज्या समाजाची नित्यकर्मे आहेत, त्या समाजाच्या या उपजत सामर्थ्याला साजेसे कार्यक्षेत्र स्वदेशात लाभले नाही, असे माझे जुने मत आहे. ते कार्यक्षेत्र अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना संस्थानातील ओक वृक्षांच्या अरण्यात, जुलै ते सप्टेंबर या मुदतीत, पावसाची एखादी दमदार सर येऊन गेली की जमिनीतून आपोआप उगवते. त्याचे नाव मिल्क कॅप, म्हणजे दुधाळ अळंबी.

माझे स्नेही नाना महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाल्यावर कन्येच्या आग्रहावरून रॅले शहरालगतच्या कॅरी या गावी मुक्कामास गेले होते, आणि त्या उन्हाळ्यात मीही काही कौटुंबिक निमित्ताने त्याच परिसरात होतो. वाचल्याशिवाय सही नाही आणि सही केल्यावर पुन्हा वाचल्याशिवाय झोप नाही, अशा शिस्तीत हयात घालविलेल्या या गृहस्थाची अमेरिकेत विलक्षण कुचंबणा झाली होती. तेथे दुकानदार माल परत घेतो, तोही कारण न विचारता. पोस्टमन पार्सल उघड्या दारात ठेवून जातो, आणि ते तेथेच राहते. संशयाला कोठे आधारच सापडत नसल्यामुळे नाना दिवसेंदिवस खंगत चालले होते. अशा अवस्थेत कन्येच्या शेजारणीने, एका सेवानिवृत्त शिक्षिकेने, ‘रविवारी रानात अळंबी ओळखायला येता का?’ असे विचारले, आणि ‘त्यांतल्या काही खाण्याजोग्या असतात, काही प्राणघातक असतात, आणि दोहोंत फरक करणे अवघड असते’ एवढीच जास्तीची माहिती दिली. नानांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी प्रथमच रक्त आलेले मी पाहिले.

येथे एक खुलासा करणे प्राप्त आहे. आपल्याकडे हल्ली बाजारात मिल्की मशरूम या नावाने जी पांढरीशुभ्र, जाड देठाची अळंबी मिळते, तिचा प्रस्तुत विषयाशी काडीमात्र संबंध नाही. ती केवळ वर्णाने दुधाळ असून तिच्यातून दुधाचा एक थेंबही निघत नाही. खऱ्या दुधाळ अळंबीच्या छत्रीखालील पापुद्र्यांवर नखाने किंवा चाकूने किंचित ओरखडा काढला की तेथून चीक पाझरतो, आणि चांगला पाऊस झालेला असेल तर थेंबाथेंबाने हातावर ओघळतो. तिचा देठ वाकविला तर तंतुमय सालीसह सोलला न जाता खडूसारखा कटकन मोडतो, कारण तिच्या गराच्या पेशी लांबट नसून बऱ्याच अंशी गोलाकार असतात. क्रिस्तियान पर्सून या शास्त्रज्ञाने १७९७ साली या चिकाळ मंडळींचे स्वतंत्र प्रजाती स्थापन करून तिला लॅक्टेरिअस असे नाव दिले. चीक आणि मोडणे या दोन्ही खुणा पटल्याखेरीज पुढील चौकशीला हातच घालावयाचा नाही, हा या शास्त्राचा पहिला दंडक.

त्याही आधीचा एक दंडक आहे, आणि तो असा की अळंबी शोधणाऱ्याने प्रथम वर पाहावे. या अळंबीचे तंतू जमिनीखाली झाडाच्या कोवळ्या मुळांना वेढून बसतात; झाड तिला साखर पुरविते आणि ती झाडाला पाणी व क्षार मिळवून देते. या व्यवहाराला जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रांक याने १८८५ साली शास्त्रीय नाव दिले, पण त्यापूर्वी कोट्यवधी वर्षे तो कोणत्याही नोंदणीशिवाय बिनतक्रार चालू होता, ही गोष्ट नानांना सहजासहजी पटली नाही. पेनसिल्व्हेनियातील केनेट स्क्वेअर या गावी अंधाऱ्या कोठारांत खतावर जी बटन मशरूम पिकते तिला झाडाची गरज नाही. ओकाशी बांधिलकी पत्करलेल्या या दुधाळ अळंबीला मात्र शेतात आणून लावता येत नाही. आपल्या सह्याद्रीत ओक नाही. भारतातील ओक हिमालयात आणि ईशान्येकडील डोंगरांत. कोकणातल्या आपल्या पावसाळी अळंबीचा जामीन वाळवी घेते, ती वारुळातच उगवते. तेव्हा नानांना या विषयातील पूर्वानुभव शून्य होता, पण पूर्वानुभव नसलेल्या खात्यात बदली होणे त्यांना नवीन नव्हते.

रविवारी सकाळी जमलेल्या मंडळींत चार प्रकारचे लोक स्पष्ट दिसत होते. पहिले लॅटिन जाणणारे. हे एखाद्या अळंबीचे नाव उच्चारतात आणि लगेच ‘पूर्वीचे नाव’ असे म्हणून दुसरे उच्चारतात. दुसरे छायाचित्रे काढणारे. हे पालथे पडून असतात आणि त्यांच्या अंगावरून जावे लागते. तिसरे पोलंड, रशिया वगैरे देशांतून आलेले वृद्ध. हे कोणाशी बोलत नाहीत, त्यांच्या टोपल्या मोठ्या असतात आणि सर्वांच्या आधी भरतात. चौथे आपण. मराठी मंडळींचा प्रश्न एकच असतो, ‘खाता येते का?’ आणि त्याचे उत्तर ‘होय’ असे आले की दुसरा असतो, ‘पण खाऊन काही होत नाही ना?’ नाना यांपैकी कोणत्याही वर्गात बसले नाहीत. त्यांनी खिशातून कन्येच्या मुलाची शाळेची वही काढली, तीत रकाने आखले, आणि झाड, छत्री, पापुद्रे, देठ, चीक, चिकाचा बदल, वास, शेरा अशी शीर्षके घालून ते सज्ज झाले.

पुढील तासाभरात त्या वहीत जे उतरले ते पंचनाम्याच्या इतिहासात नोंद करण्याजोगे आहे. चिकाच्या रंगावर आणि रंगबदलावर या शास्त्राची सारी मदार. पांढरा चीक पांढराच राहिला आणि पापुद्रे एकमेकांपासून चांगले अंतर राखून असले, तर ती लॅक्टिफ्लुअस हायग्रोफोरॉइडीस, खाण्याजोगी. पांढरा चीक सुकता सुकता तपकिरी झाला, आणि त्याने चाकू, बोटे, वही व सदरा यांवर डाग पाडले, तर ती नारिंगी-तपकिरी छत्रीची व्होलेमस, किंवा छत्री गडद तपकिरी असून तिला सुरकुत्या असतील तर कॉरुजिस, दोन्ही उत्तम. पांढरा चीक काही क्षणांत पिवळा पडला तर ती जेथल्या तेथे ठेवावी. चिकाने जांभळे डाग पडले तरीही तेच. आणि मुळातच चीक निळा असेल तर? निळ्या शाईची दौत सांडावी तसा ज्याचा चीक, आणि जखम झालेला भाग हळूहळू हिरवा पडतो, त्या लॅक्टेरिअस इंडिगोपाशी नाना बराच वेळ उकिडवे बसून राहिले. बाईंनी (शिक्षिका म्हटल्यावर नानांच्या लेखी त्या बाईच झाल्या होत्या) ती निर्धोकपणे खाता येते असे सांगितले, तेव्हा नानांनी शेऱ्याच्या रकान्यात ‘म्हणे’ असा शब्द लिहिला.

थोड्याच अंतरावर, त्याच ओकांखाली, एक नखशिखान्त शुभ्र, सडपातळ, देठाला कंकण आणि बुडाशी पिशवी असलेली अशी अत्यंत देखणी अळंबी उभी होती. तिच्यावर ओरखडा काढून पाहिला तर चीक नाही. ही अमानिता; इंग्रजीत तिला संहारक देवदूत म्हणतात. ती खाल्लेल्या माणसाला सहा ते बारा तास, कधी त्याहूनही अधिक काळ, काहीच होत नाही. मग ओकाऱ्या आणि जुलाब होतात. मग बरे वाटू लागते, आणि त्या बरे वाटण्याच्या अवधीत यकृत निकामी होत असते. निळी, डागाळणारी, हिरवी पडणारी ती निरपराध, आणि ही धवलवस्त्रांकित ती घातकी, हे ऐकून नानांना आश्चर्य मुळीच वाटले नाही. शुभ्र वस्त्रांतील व्यक्तींविषयीचा त्यांचा सेवाकालातील अनुभव याहून निराळा नव्हता, असे त्यांनी मला मराठीत सांगितले.

चवीची परीक्षा हा या शास्त्रातील वादग्रस्त भाग होय. दुधाळ अळंबी आहे हे निःसंशय ठरल्यानंतर, आणि फक्त त्यानंतरच, चिकाचा एक थेंब किंवा गराचा कण जिभेच्या टोकावर ठेवून क्षणभर थांबावे आणि थुंकून टाकावे. सौम्य लागला तर पुढे जावे, तिखट लागला तर अळंबी टाकून द्यावी. हा नियम करणाऱ्यांनी जीभ म्हणजे सर्वत्र एकसारखे प्रमाणित उपकरण आहे असे गृहीत धरलेले दिसते. आमच्याबरोबर कोल्हापूरकडील एक संगणक अभियंता होते. त्यांच्या हाती आलेली अळंबी पांढरी, पापुद्रे अत्यंत दाट, म्हणजे लॅक्टिफ्लुअस पायपरेटस. हिचा तिखटपणा काही क्षणांनी उसळतो आणि सामान्य अमेरिकन माणसाच्या डोळ्यांत पाणी आणतो अशी तिची ख्याती. अभियंत्यांनी कण जिभेवर ठेवला. मंडळी स्तब्ध झाली. काही वेळाने ते म्हणाले, "चांगली आहे की. मीठ जरा कमी आहे."

बाईंच्या दीर्घ अध्यापनात असा विद्यार्थी आला नसावा. त्यांनी स्वतः एक कण चाखून तोंड वेडेवाकडे करून दाखविले, तरी अभियंत्यांचे मत ढळेना. तेव्हा नानांनी मध्यस्थी करून असा निर्णय दिला की, ज्यांचा जन्म पंचगंगेच्या काठी झाला असेल त्यांच्या जिभेची साक्ष या कामी अग्राह्य समजावी, आणि त्यांच्या वतीने एखाद्या पुणेकराने चव पाहावी. त्या टोपलीवाल्या रशियन आजोबांनी मात्र टाकून दिलेली ती तिखट अळंबी निमूटपणे उचलून घेतली. त्यांच्याकडे असल्या तिखट दुधाळ अळंब्या कित्येक दिवस पाणी बदलत भिजवून, मग मिठात मुरवून खाण्याची जुनी वहिवाट आहे, आणि वहिवाटीपुढे शास्त्राचे काही चालत नाही.

वासाच्या बाबतीत तर आपली फसगत अधिक होण्याचा संभव. खाण्यास श्रेष्ठ मानली जाणारी व्होलेमस हाती धरली की तिला मासळीचा वास येतो, आणि ती जसजशी शिळी होईल तसतसा तो वाढतो. शिजविल्यावर तो नाहीसा होतो, हे खरे. पण श्रावणात, सोमवारी, शाकाहारी म्हणून आणलेल्या वस्तूने घरभर बांगड्याची आठवण करून द्यावी हा प्रसंग सोपा नाही. नानांच्या कन्येच्या सासरची मंडळी मालवणकडील असल्यामुळे तिकडून आनंद व्यक्त झाला, आणि माहेरकडून मनुस्मृतीचा आधार काढण्यात आला. तीत लसूण आणि कांदा यांच्याच पंक्तीला कवक बसवून द्विजांना वर्ज्य ठरविले आहे. कांदालसणाच्या वाटणावाचून ज्या घरात आमटी होत नव्हती त्या घरात हा आधार फार वेळ टिकू शकला नाही. अळंबी वनस्पती नव्हे, वंशवृक्षात ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची आहे, ही आधुनिक जीवशास्त्राची माहिती मी त्या वेळी मुद्दामच सांगितली नाही. याच व्होलेमसमधून एमील बुर्केलो या फ्रेंच रसायनज्ञाने १८८९ साली शर्करेच्या जातीचे एक द्रव्य वेगळे काढले आणि तिच्या चिकात रबरही सापडते, हे ऐकल्यावर नाना म्हणाले, "बाहेरून मासळी, आतून साखर आणि वर रबर! एका टेबलावर तीन खात्यांची कामे म्हणजे घोटाळा ठरलेला."

आणि ज्या वासावर मराठी नाक डोळे मिटून विश्वास टाकील तो मेथीचा वास! दुधाळ अळंबीच्या काही जातींत, विशेषतः वाळल्यावर, मेथीचा वास येतो. मेथीला तिचा वास ज्या रसायनामुळे येतो तेच सोटोलॉन त्यांत असते. पण युरोपातील लॅक्टेरिअस हेल्व्हस ही अशीच मेथीगंधी अळंबी खाऊन १९४९ साली लायप्झिगच्या परिसरात शेकडो माणसे आजारी पडली. बाळंतिणीच्या लाडवाचा वास येतो म्हणून कोणावर विसंबू नये, एवढे यातून निश्चित झाले, आणि नानांच्या वहीत वासाच्या रकान्यावर तांबडी फुली पडली.

या प्रांतात अळंबीचा अभ्यास प्रथम कोणी केला याची चौकशी करता, धर्मोपदेशकांनी, असे उत्तर मिळाल्याने मला मोठे नवल वाटले. सेलम गावी राहून मोरेव्हियन पंथाची पाळकी करणाऱ्या श्वाइनिट्स यांनी १८२२ साली त्या निळ्या इंडिगोचे वर्णन प्रसिद्ध केले. हिल्सबरोचे पाळक मोझेस ॲशली कर्टिस यांनी विलायतेतील बर्कली या दुसऱ्या पाळकाशी पत्रव्यवहार करून १८५९ साली हायग्रोफोरॉइडीसला नाव दिले. पुढे यादवी युद्धात दक्षिणेत मांसाची टंचाई झाली तेव्हा याच कर्टिस यांनी लोकांना रानातल्या अळंब्या खाण्याचा आग्रह केला. युद्धात कॅप्टन असलेला चार्ल्स मॅकिल्व्हेन याने तर पुढे दिसेल ती अळंबी स्वतः खाऊन पाहण्याचा सपाटा लावला, विषारी म्हणून बदनाम झालेल्या कित्येक पचविल्या, आणि १९०० साली एक हजार अमेरिकन कवकांवर ग्रंथ लिहून तो हयात राहिला. नानांनी त्याच्याविषयी आदर व्यक्त केला, पण अनुकरणाची तयारी दर्शविली नाही.

मांसाऐवजी अळंबी हा कर्टिस यांचा उपदेश आज निराळ्याच मार्गाने अमलात येत आहे. या अरण्यात गोचिडींचा सुळसुळाट आहे, आणि त्यांतील लोन स्टार नावाची, मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका असलेली गोचीड चावली असता काही माणसांना मटण, डुकराचे मांस, गोमांस वगैरेंची कायमची वा दीर्घकाळची ॲलर्जी जडते. जे कार्य आपल्याकडे थोर थोर साधुसंतांना कीर्तने करूनही सर्वांशाने साधले नाही ते एक क्षुद्र जीव एका चाव्यात करून मोकळा होतो, यावर अधिक भाष्य न करणे बरे. घरी परतल्यावर अंगरखे झटकून परस्परांची मान, कानामागची जागा आणि घोटे तपासण्याचा जो कार्यक्रम होतो, तो तपास नानांनी इतक्या कसोशीने केला की जावईबापूंना तिसऱ्यांदा उभे राहावे लागले.

आता त्या ‘पूर्वीच्या नावां’विषयी. दोन शतके एकत्र नांदलेल्या लॅक्टेरिअस घराण्याची जनुकीय तपासणी झाली तेव्हा, सुमारे २००८ साली, असे निष्पन्न झाले की हे एक घर नव्हेच. त्यात परस्परांशी फारसे रक्ताचे नाते नसलेल्या शाखा नांदत आहेत. मग वाटणी आली. मूळ पुरुष म्हणून दप्तरी नोंदला होता तो पायपरेटस, आणि तो निघाला धाकट्या शाखेचा. म्हणजे कायद्याने आडनाव धाकटीकडे जाणार आणि शेकडो जातींच्या थोरल्या शाखेला नवे नाव घ्यावे लागणार. यावर २०१० साली रीतसर अर्ज झाला, नामकरणाच्या अंतरराष्ट्रीय नियमांखाली त्याची सुनावणी झाली, आणि मूळ पुरुषच बदलण्यात आला! त्याच्या जागी टॉर्मिनोसस नावाचा, बर्च झाडांखाली राहणारा, पोट बिघडविण्यात कुप्रसिद्ध असा थोरल्या शाखेतील पुरुष बसविला गेला. आडनाव थोरल्यांकडे राहिले, आणि व्होलेमस, कॉरुजिस, हायग्रोफोरॉइडीस ही सगळी खाण्याजोगी मंडळी आपली लॅक्टिफ्लुअस ही पाटी लावून वेगळी निघाली. हा वृत्तान्त ऐकताना नानांच्या डोळ्यांत पाणी तरळले. मूळ पुरुषच बदलून घेण्याची तोड आपल्याला सेवेत असताना सुचली असती, तर तालुक्यातील निम्मे दावे आपसांत मिटले असते, असे ते म्हणाले.

एवढी सगळी माहिती अळंबीवाले मुक्तहस्ताने देतात. देत नाहीत ती एकच, जागा. १९५२ साली साडेचार मिनिटे वाद्याला हात न लावण्याची संगीतरचना सादर करविणारा जॉन केज हा संगीतकार अळंब्यांचा जाणकार होता. इटलीच्या दूरचित्रवाणीवर १९५९ साली अळंब्यांवरील प्रश्नांची उत्तरे देऊन त्याने मोठे बक्षीस मिळविले, आणि १९६२ साली न्यूयॉर्कच्या कवकप्रेमी मंडळाचे पुनरुज्जीवन करण्यात पुढाकार घेतला. मौन आणि अळंबी यांचा हा योग मला आकस्मिक वाटत नाही. ‘ही व्होलेमस कोठे मिळाली?’ असे त्या रशियन आजोबांना विचारले तेव्हा त्यांनी जी शांतता राखली ती केजच्या रचनेहून दीर्घ होती. कोकणात आमच्या मावशीला विचारले असता तीही ‘रानात’ एवढेच सांगत असे.

घरी ती व्होलेमस नीट झटकून, चिरून, मंद आचेवर बराच वेळ शिजविण्यात आली. तिचा गर घट्ट असतो, घाई केलेली तिला खपत नाही. बाईंनी लोणी आणि मीठ यांपलीकडे काही घालू नका असे बजावले होते. पण कांदा परतला गेला, मग सुके खोबरे भाजले गेले, मग मालवणी मसाला पडला, आणि तीन पाळक, एक कॅप्टन व अनेक प्रयोगशाळा यांनी दोनशे वर्षे खपून सिद्ध केलेली तिची ओळख त्या रश्श्यात पाचच मिनिटांत विरघळली. चव उत्तम होती.

नानांनी मात्र ताटावर बसण्यापूर्वी एक काम केले, आणि वाचकांपैकी कोणी जाणकाराच्या सोबतीने या नादी लागणार असतील तर त्यांनीही ते करावे. एका वेळी एकच जात, पहिल्या वेळी अगदी थोडी, आणि पूर्ण शिजवून खावी. प्रत्येक नग जाणकाराच्या नजरेखालून गेलेला असावा. आणि एक अख्खा नग, बुडासकट उपटलेला, न चिरता, न शिजवता, दिनांक, ठिकाण व झाडाचे नाव लिहून, शीतकपाटात बाजूला ठेवावा, म्हणजे वेळ आलीच तर डॉक्टरांना अंदाजाने चालावे लागत नाही. पिशवी कागदाची घ्यावी. प्लास्टिकच्या पिशवीत अळंबी सडते, आणि सडलेल्या पुराव्यावरून काहीच सिद्ध करता येत नाही.